परबवहिनींचं गाऱ्हाणं

आम्ही विक्रोळीला राहत होतो तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. त्या वर्षी पावसाळा सरता सरता माझी प्रार्थना बंद पडली. बंद पडली असंच म्हणायला हवं, कारण मी ती सोडली नव्हती आणि रागानं टाकूनही दिली नव्हती. डोळे मिटायचे, हात जोडायचे, ‘हे प्रभू’ म्हणायचं, आणि पुढे काही म्हणजे काही येत नसे. कुणाला वाटेल, त्यात काय एवढं, होतं असं कधी कधी. पण माझ्या बाबतीत ही नवलाची गोष्ट होती. प्रार्थनेत शब्द कमी पडणं म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. उलट मी एकदा सुरू झाले की चर्चच्या मंडळीतली माणसं हळूच एक डोळा उघडून घड्याळ बघत, आणि आमचे हे घरी आल्यावर म्हणत, "आज देवाला दुसरीकडे कुठे जाताच आलं नसेल."

याचं मूळ माझ्या माहेरी. वडील, म्हणजे आमचे दादा, नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात चर्चचे पाळक होते. दिवेलागणीला घरात कुटुंबप्रार्थना व्हायची आणि आम्हा भावंडांपैकी प्रत्येकाला मोठ्यानं प्रार्थना करावी लागायची. जो अडखळेल त्याला दादा रागवत नसत. ते नुसते डोळे मिटून थांबून राहत, आणि त्या थांबण्याचीच आम्हाला धास्ती वाटे. त्यामुळे मी फार लवकर घडाघडा बोलायला शिकले. आजारी, प्रवासी, विधवा, अनाथ, पाऊसपाणी, राज्यकर्ते, कुणालाही न विसरता थेट आमेनपर्यंत जाऊन पोचायचं. पुढे लग्न होऊन मुंबईत आले, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तरी ती सवय गेली नाही. मंडळीत कुणाकडे बाप्तिस्मा असो, दुखणं असो, कुणाला नोकरी लागलेली असो, "बाई, तुम्हीच प्रार्थना करा" असं सगळे म्हणत. मला ते आवडायचं, हे कशाला लपवू.

विक्रोळी पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या. मागे मिठागरं आणि खाडी, पुढे हायवे. हायवेपलीकडच्या कंपनीचा भोंगा सकाळी वाजला की सगळ्या मजल्यावर एकदम स्टोव्हचे आवाज सुरू होत. हे तिथेच टूलरूममध्ये होते. आज ती वसाहत ओळखू येत नाही म्हणतात, मी पाहायला गेलेली नाही. माझ्या डोळ्यांसमोर अजून ती लांब गॅलरीच आहे, कठड्यावर वाळत घातलेले परकर आणि पापड, आणि ओहोटीच्या वेळी खाडीवरून येणारा तो खारट कुबट वास. त्या वासाला आलेले पाहुणे नाक मुरडत. मला आता तो वास कुठे येत नाही याचं वाईट वाटतं.

त्या मजल्यावर सगळी घरं कोकणातल्या लोकांची, ख्रिस्ती आम्हीच तेवढे. आमची मंडळी विक्रोळी ते घाटकोपर अशी विखुरलेली होती. दर शुक्रवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असे, आणि कोणत्या शुक्रवारी कुणाची पाळी ते महिन्याभराचं आधीच उपासनेनंतर जाहीर होई. हार्मोनियम, डफ आणि टाळ घेऊन माणसं यायची. दोनतीन गीतं व्हायची, थोडं शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला एखादा उतारा, आणि मग साखळी प्रार्थना. म्हणजे सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकानं आपली प्रार्थना मोठ्यानं करायची. एकाचं आमेन झालं की शेजारच्यानं सुरू करायचं, असं करत साखळी जिथून निघाली तिथे आली की संपलं. शेवटी चहा. आमची पाळी असली की मी शेजारच्या परबवहिनींकडून मोठं पातेलं आणि सतरंजी मागून आणत असे.

परबवहिनी मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांचे यजमान आधी गिरणीत होते, मग एका गोदामावर पहाऱ्याचं काम करायला लागले. वहिनींचा आवाज असा की नळावर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. मी शाळेत शिकवते म्हणून त्या मला बाई म्हणत, आणि मी त्यांना वहिनी. आमच्या मधली भिंत इतकी पातळ होती की मोहरी तडतडली की फोडणी त्यांच्याकडची की आमच्याकडची, असा प्रश्न पडावा. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्या एस्तेरवर, म्हणजे एस्तूवर, त्यांचा भारी जीव. एस्तू तिसरीत होती. शाळेतून आली की दप्तर आमच्या दारात टाकून ती सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जायची, आणि माझ्या हातची भाजी बघून तोंड वाकडं करणारी पोरगी तिथे तिखटजाळ आमटी भुरकून यायची.

त्याच एस्तूला ताप आला. आधी साधा वाटला, पण मग डोकं दुखतं म्हणून ती रडू लागली, उजेड नको म्हणू लागली, आणि एका सकाळी तिची मान पुढे वाकेना. वसाहतीतल्या डॉक्टरांनी तिला पाहिलं मात्र, तिथल्या तिथे घाटकोपरला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. टॅक्सीपर्यंत परबवहिनींनीच तिला खांद्यावरून नेलं. हॉस्पिटलात तिच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मेंदूच्या आवरणाला सूज आहे, असं कळलं. एस्तू तोवर हाकेला ओ देईनाशी झाली होती. तिथले मोठे डॉक्टर कमी बोलणारे होते. ते म्हणाले, "औषध चालू केलंय. आता वाट बघायची." मी विचारलं, "वाचेल ना?" ते म्हणाले, "वाचली तर पुढचं बघू." मग माझ्याकडे पाहून त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की या दुखण्यातून उठलेल्या मुलांत पुष्कळदा काही ना काही उणीव राहते, त्याचीही तयारी ठेवा.

त्या कॉटशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून मी पहिल्यांदा प्रार्थना करायला गेले आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी किती सुरेख मागणं मागितलं होतं, आणि स्वतःच्या मुलीसाठी मला ‘बरी कर’ एवढंही म्हणता येईना. म्हणायला जावं तर आतून कुणीतरी विचारी, आणि नाही केली तर? मंडळीतले लोक भेटायला यायचे, आणि त्यांच्या मनात माझ्याविषयी माया होती हे मला कळत होतं. पण जो तो म्हणायचा, "देव आपल्याच माणसांची परीक्षा घेतो, बाई. विश्वास बळकट होतो यानं." मी मान हलवत असे आणि मनातून चिडत असे. परीक्षा घेणं हा माझा धंदाच होता. माझ्या वर्गातल्या मुलांना मी आधी शिकवत असे आणि मग प्रश्न विचारत असे, आणि ज्याची परीक्षा त्यालाच बाकावर बसवत असे. इथे परीक्षा माझी म्हणता आणि सुया टोचताय आठ वर्षांच्या पोरीला, हा कुठला न्याय? हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. ह्यांना दाखवलं असतं, पण हे मुळातच अबोल. ते पायाशी उभे राहून एस्तूचा तळवा हातात धरून ठेवत, तेवढंच.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी मला बळेच घरी पाठवलं. "आंघोळ कर, दोन घास खा, कपडे घेऊन ये. मी आहे इथे." शुक्रवार आहे आणि प्रार्थनेची पाळी आमच्या घरची आहे, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. बसमधून उतरले, वसाहतीत शिरले, जिना चढून गॅलरीत आले, आणि जागच्या जागी थिजले. आमचं दार उघडं होतं, आत दिवा लागलेला होता, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता.

चाळीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको की एवढ्या चपला बाहेर कधी दिसतात. लग्नघरात दिसतात, नाहीतर ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराबाहेर. मी बसमध्ये असताना हॉस्पिटलातून निरोप आला, आणि माझ्याआधी तो घरी पोचला, असंच मला वाटलं. कंपनीत फोन होता, वसाहतीच्या कोपऱ्यावर वाण्याकडे फोन होता, निरोप यायला कितीसा वेळ लागतो? मी कठडा धरून उभी राहिले. मला पुढे जायचं नव्हतं. जोपर्यंत मी आत जात नाही तोपर्यंत एस्तू आहे, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. आणि मग आतून डफ वाजला. मयताच्या घरी आमच्यात डफ वाजत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आज शुक्रवार.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं. एस्तूच्या दुखण्याचं कळल्यावर मंडळीनं ती प्रार्थना साळवेकाकांच्या घरी ठेवली होती. साळवेकाका आमच्या मंडळीतले वडीलधारे, शिस्तीचे कडक. चुकून कुणी इकडे यायला नको, आणि पोरीची खबरही कळेल, म्हणून ते स्वतः आमच्याकडे आले होते. गॅलरीत परबवहिनींनी त्यांना अडवलं. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी दुपारीच घर झाडून काढलं होतं, सतरंजी अंथरली होती, पातेल्यात चहाचं पाणी मोजून ठेवलं होतं. प्रार्थना दुसरीकडे नेली असं काकांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "असा कसा? पाळी हेंच्या घराची असा ना? मगे हंयच होऊक व्हयी. आमच्या गावात देवळातल्या दिव्याची पाळी असता. घरात अडचण इली तर शेजारी दिवो लावता, पण पाळी चुकवूची नाय." आता आमच्यात असं काही नसतं. या शुक्रवारी नाही तर पुढच्या शुक्रवारी, इथे नाही तर तिथे, त्यानं काही बिघडत नाही. पण काकांनी ते समजावायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि बरोबर आलेल्या मंडळीतल्या एका पोक्त बाईला सांगितलं, "सगळ्यांना इकडेच बोलवा."

मी दारात उभी राहिले तेव्हा गीत चालू होतं. मला पाहून कुणी थांबलं नाही, एवढी गोष्ट त्यांनी फार चांगली केली. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी उठून माझा हात धरला, मला आपल्या अंगाशी बसवलं आणि कानात म्हणाल्या, "चेडू कसा असा?" मी म्हटलं, "तसंच." त्या म्हणाल्या, "बसा. आधी देवाचा होवंदे, मगे आंघोळ." मला त्या सगळ्यांचा राग आला. माझं घर, माझी सतरंजी नाही म्हणा, पण माझं घर, आणि माझी पोर तिकडे मरणाच्या दारात असताना हे लोक इथे टाळ वाजवताहेत. पण वहिनींनी धरलेला हात सोडला नव्हता, म्हणून बसून राहिले.

साखळी सुरू झाली. काकांनी केली, मग एकेकानं केली. सगळ्यांनी एस्तूचं नाव घेतलं. फिरत फिरत साखळी माझ्याकडे आली आणि थांबली. मी डोळे मिटले, आणि आत नुसता कोरडेपणा. सगळे थांबून राहिले होते, दादा थांबायचे तसे. डफावर कुणाचं तरी बोट घासलं तेही ऐकू आलं. शेजारून वहिनी पुटपुटल्या, "बाई, तुमची पाळी." मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "मगे मी सांगू?" मला वाटतं मी मान डोलावली. त्यांच्या हिशेबानं माझ्यानंतर त्याच होत्या, आणि साखळी त्यांच्याशी तुटली असती तर ती चूक त्यांची ठरली असती.

त्यांनी पदर सारखा केला, हात जोडले, आणि त्यांच्या गावी देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज हंय तुझी लेकरा जमली असत, त्येंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा."

एवढं बोलून त्या थांबल्या. गाऱ्हाण्यात अशा जागी बाकीच्यांनी होकार द्यायचा असतो, पण आमच्या लोकांना ते कुठलं माहीत असायला? कुणी काही बोललं नाही. मी डोळे किलकिले करून पाहिलं तर साळवेकाकांनीही एक डोळा उघडला होता. मला धसका बसला. गीताचं कडवं मागेपुढे झालं तरी खपवून न घेणारे ते गृहस्थ, आता वहिनींना काही बोलतात की काय. पण कंपनीत त्यांच्या खात्यात निम्मी माणसं कोकणातली होती. काकांनी डोळा परत मिटला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "होय महाराजा."

वहिनींना धीर आला. "माका गाऱ्हाणा घालूक येणा नाय. आमच्यात ता पुरुष मानसा घालतत. पण ह्या बाईच्या तोंडातसून शब्द येणा नाय, म्हणान मी सांगतंय. तुझी माझी वळख नाय. पण ही बाई रोज सांजेक तुका हाक मारता, ती माका भिंतीपलीकडे आयकाक येता म्हाराजा."

"होय महाराजा," या वेळी तीनचार आवाज आले.

"आता तिची हाक येणा नाय. म्हणान तू तिका विसरू नको. तिच्या चेडवाक बरा कर आणि हसत खेळत घराक हाड. काय चुकला माकला असात ता पोटात घाल, आणि जा काय तुझ्या मनात असात ता सोसूची ताकद दी रे म्हाराजा."

"होय महाराजा," सगळी खोली म्हणाली. त्यात माझाही आवाज होता. इतक्या दिवसांत माझ्या तोंडून देवापुढे निघालेले ते पहिले शब्द, आणि तेही माझे नव्हते. मग मला रडू आलं. हॉस्पिटलात मी रडले नव्हते. वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडत राहिले आणि साखळी माझ्या डोक्यावरून पुढे गेली. पुढच्यांनी प्रार्थना केल्या, आमेन झालं, चहा झाला. वहिनींनी घाबरत काकांना विचारलं, "माझा काय चुकला काय हो?" काका बशीतला चहा फुंकत म्हणाले, "काही नाही. आमच्या सगळ्यांपेक्षा आखूड केलीत, तेवढं आमच्या बाईंना शिकवा." त्यावर मी रडता रडता हसले.

माझ्या मनात घर करून बसलं ते एकच वाक्य. तिची हाक येत नाही म्हणून तू तिला विसरू नको. मी इतके दिवस असं धरून चालले होते की मी बोलले तरच तिकडे काही पोचतं. माझी दोरी सुटली म्हणजे एस्तूचीही सुटली, हीच माझी भीती होती. म्हणून मी त्या स्टुलावर बसून शब्दांसाठी स्वतःला पिळून काढत होते. आणि इथे एका बाईनं, जिनं आमचं शास्त्र कधी उघडलं नव्हतं, देवाला सरळ सांगून टाकलं की ही आता धरू शकत नाही, तूच धर. विश्वास म्हणजे मी देवाला घट्ट धरणं, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. हात सुटल्यावरही आपण खाली पडत नाही, हे मला त्या संध्याकाळी आपल्याच घराच्या उंबऱ्याशी कळलं.

मी कपडे घेऊन हॉस्पिटलात परत गेले. काका बसथांब्यापर्यंत पिशवी घेऊन आले आणि बस सुटेपर्यंत थांबले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एस्तू तशीच होती, तसाच कण्हण्याचा बारीक आवाज. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. मागायचं पुष्कळ होतं, पण मी काही मागितलं नाही. "तुझी आहे," एवढंच म्हटलं. दोन शब्दांची ती प्रार्थना. आणि म्हणून झाल्यावर मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या झोप लागली, कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

पुढचं साधं आहे. दोनतीन दिवसांनी ताप हटू लागला. एका सकाळी एस्तूनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मीही तेच म्हणते. त्या डॉक्टरांसाठी, त्या इंजेक्शनांसाठी, ती वेळेवर देणाऱ्या सिस्टरांसाठी मी देवाचे उपकार मानते, आणि याहून अधिक काही सिद्ध करायला मी बसलेली नाही. शेजारच्या कॉटवरचा मुलगा त्याच आठवड्यात गेला. त्याची आईही देवाला हाक मारत होती, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पूर्वीची मी असते तर सुंदर शब्दांत काहीतरी उत्तर तिला दिलं असतं. तेव्हा मी तिच्याजवळ नुसती बसून राहिले.

परबवहिनी पुढे यजमानांबरोबर गावी गेल्या, आणि आता त्या नाहीत. आम्हीही विक्रोळी सोडून मुलुंडला आलो. इथे भिंती जाड आहेत. शेजारी कुणाचा आवाज कुणाला जात नाही, आणि आपला आवाज आला नाही म्हणून दार ठोठावणारंही कुणी नाही. वहिनी शेवटपर्यंत त्यांच्याच देवाच्या राहिल्या, मी माझ्या. त्यांनी कधी आमच्या प्रार्थनेला पुन्हा तोंड उघडलं नाही. पण नंतरही आमची पाळी असली की त्या उंबऱ्याशी येऊन बसत, आणि मी लांबायला लागले की हळूच म्हणत, "बाई, च्याय उतू जातली."

एस्तू घरी आली त्या पहिल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. अशक्त झाली होती, कुशीवर वळायलाही वेळ लागत होता. जेवून ती भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर पडली, आणि मी पलंगाच्या काठावर बसून रोजच्यासारखी आमची दोघींची प्रार्थना सुरू केली. फार दिवसांनी शब्द आपले आपण येत होते. मी हळू आवाजात उपकार मानत होते, आणि मधेमधे ती नेहमी ‘आमेन’ म्हणायची तशी म्हणेल म्हणून थांबत होते. ती म्हणाली नाही. झोपली वाटतं, म्हणून मी वाकून पाहिलं. तिचे डोळे टक्क उघडे होते. मी तिच्या डाव्या कानाशी अगदी जवळ जाऊन म्हटलं, "एस्तू." ती भिंतीवरच्या पोपड्यांशी बोटानं खेळत राहिली. मी मोठ्यानं हाक मारली, तेव्हा उशीतल्या उजव्या कानाला काहीतरी जाणवलं असावं. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, तू प्रार्थना कधी करणार?"

डॉक्टरांनी सांगितलेली उणीव ती हीच, तिचा डावा कान गेला होता. ह्यांना हाक मारावी, उठून बाहेर जावं, असं मनात येऊन गेलं. मी गेले नाही. तिच्या केसांवर हात ठेवला, तिला परत त्याच कुशीवर वळू दिलं आणि अर्धी राहिलेली प्रार्थना पुढे चालू केली. माझ्या जन्मात ती पहिली प्रार्थना असेल जी ऐकायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी ती पूर्ण केली. आज एस्तू चाळिशी ओलांडून गेली आहे, तिची मुलं तिला मुद्दाम डाव्या बाजूनं हाका मारून चिडवतात, आणि मी अजून रोज संध्याकाळी डोळे मिटते. तिच्या उजव्या कानासाठी मी रोज उपकार मानते. डाव्याबद्दल माझं आणि देवाचं बोलणं अजून चालू आहे. पण बोलणं चालू आहे.